मॅग्ना कार्टा ते बिल ऑफ राइट्स, सनावळ्या न घोकता कसं लक्षात ठेवायचं

गंगापूर रोडच्या अभ्यासिकांमधे पॉलिटी (स्पर्धा परीक्षेतली राज्यव्यवस्था) करणाऱ्या पोरांना मॅग्ना कार्टा, म्हणजे इंग्लंडच्या राजाकडून घेतलेली हक्कांची सनद, विचारलं की १२१५ लगेच येतं, पण त्याचा लोकशाहीशी संबंध काय म्हटलं की गाडी तिथेच अडते. घोकू नका. कोरं पान घ्या, मधोमध रेघ मारा, डावीकडे लिहा "राजाला पैसा कशाला पाहिजे होता" आणि उजवीकडे "त्यापायी काय सोडावं लागलं". बास, सगळा विषय यात बसतो.

पहिली ओळ इंग्लंडच्या जॉन राजाची, हिला निवांत वेळ द्या. १२०४ ला नॉर्मंडी, म्हणजे फ्रान्सकडचा त्याचा मुलूख, हातची गेली, ती परत घ्यायला यानं सरदारांकडून मारूनमुटकून पैसा काढला, "लढायला येत नाही ना, मग पैसे भर" असा स्कुटेज नावाचा करच होता, आणि एवढं करून १२१४ ला बुव्हीनच्या लढाईत त्याची बाजू आपटली, म्हणजे पैसाही गेला आणि मुलूखही नाही आला. सरदार भडकले, लंडन घेतलं आणि १५ जून १२१५ ला थेम्सकाठी रनीमीडला राजाला सनदेवर शिक्का मारायला लावला. ६३ कलमं आहेत, उजवीकडे दोनच लिहा: १२ वं, राज्याची संमती घेतल्याशिवाय असला कर नाही, ३९ वं, कायद्याशिवाय स्वतंत्र माणसाला तुरुंगात टाकायचं नाही. "स्वतंत्र" खाली रेघ मारा, कारण जमिनीला बांधलेली बहुतेक कुळं त्यात धरलीच नव्हती.

आता इथे सगळे गंडतात. पोपनं त्याच वर्षी ऑगस्टमधे सनद रद्द केली, मग ती टिकली कशी? तर जॉनच्या पोराला, तिसऱ्या हेन्रीला, १२२५ ला फ्रान्सकडच्या मोहिमेसाठी कर पाहिजे होता आणि त्या बदल्यात त्यानं सनद पुन्हा काढून दिली. माझ्या मते ही ओळ १२१५ पेक्षा भारी आहे, कारण पैसे द्या आणि हक्क घ्या हा सौदा इथे उघड दिसतो.

१२६५ ला मॉन्टफोर्ट या बंडखोर सरदारानं पार्लमेंटला शहरांचे प्रतिनिधी बोलावले, तो स्वतः त्याच वर्षी लढाईत मेला, पण १२९५ ला पहिल्या एडवर्डला युद्धासाठी पैसा लागला तेव्हा त्यानंही तसंच बोलावणं पाठवलं. दोन ओळींत उरका आणि थेट १६२८ वर या. पहिल्या चार्ल्सनं सक्तीचं कर्ज काढलं, नाही म्हणणाऱ्यांना आत टाकलं, म्हणून पिटिशन ऑफ राइट, म्हणजे पार्लमेंटनं राजापुढे ठेवलेला हक्कांचा अर्ज. त्यानं ते मान्य केलं आणि वर्षभरात पार्लमेंटच बंद करून टाकली, ११ वर्षं! त्या काळात शिप मनी, म्हणजे किनाऱ्यावरच्या गावांचा जहाजांसाठीचा कर, आतल्या गावांनाही लावला, जसं काही न्हावा शेवा बंदराचा खर्च नाशिककरांच्या घरपट्टीत लावावा. पुढे स्कॉटलंडशी युद्ध, पैसा संपला, १६४० ला पार्लमेंट बोलवावीच लागली, १६४२ ला यादवी आणि ३० जानेवारी १६४९ ला राजाचं मुंडकं उडालं.

शेवटची ओळ १६८९, बिल ऑफ राइट्स, म्हणजे राजाला बांधून टाकणारा पार्लमेंटचा कायदा. पार्लमेंटशिवाय कर नाही, शांततेच्या काळात तिच्या संमतीशिवाय खडं सैन्य नाही, कायदे परस्पर स्थगित करायचे नाहीत, सभागृहात बोलल्याबद्दल बाहेर खटला नाही.

आता लाल पेनानं उजव्या रकान्यासमोर आपल्या राज्यघटनेची कलमं टाका. कर कायद्यानेच, २६५. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य, २१. सभागृहातलं भाषणस्वातंत्र्य, खासदारांसाठी १०५ आणि आमदारांसाठी १९४. हे नंबर असे जोडले की वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

आणि परीक्षेत "मॅग्ना कार्टाने सामान्य जनतेला मताधिकार दिला" असं विधान आलं तर डोळे झाकून चूक धरा, १६८९ नंतरसुद्धा मत होतं ते मुख्यतः मालमत्तावाल्या पुरुषांना, आणि बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं मत मिळायला १९२८ उजाडलं.