कोंबड्यांची देवी: ओळखायची कशी, सांभाळायचं कसं

तुऱ्यावर काळी खपली दिसली की कोंबड्या एकमेकींना टोचत असतील असं वाटतं, आणि त्यातच पहिले चार दिवस निघून जातात. टोचल्याची जखम एका जागी, ओली, रक्ताळलेली असते. देवी (फाउल पॉक्स) या विषाणूमुळे होणाऱ्या रोगाचे फोड मात्र पिसं नसलेल्या कातडीवर विखुरलेले असतात: तुरा, चोचीखालची लोंबती कातडी, पापण्या, चोचीचे कोपरे, कधी पाय. सुरुवातीला मोहरीएवढा फिकट उंचवटा येतो. तो पिवळसर होऊन वाढतो, शेजारच्यात मिसळतो आणि शेवटी चामखिळीसारखी खडबडीत, काळपट खपली धरतो. एकाच तुऱ्यावर फिकट उंचवटे आणि काळ्या खपल्या दोन्ही असतील तर देवीच धरून चाला. पिठासारखा पांढरा थर असेल तर ती बहुधा बुरशी.

हा विषाणू धडधाकट कातडीतून आत शिरत नाही. त्याला ओरखडा किंवा डासाचा डंख लागतो. लागण झाल्यावर 4 ते 10 दिवसांत फोड दिसू लागतात. माणसांना हा रोग होत नाही, कांजिण्यांचा (चिकनपॉक्सचा) विषाणू वेगळा.

फोड दिसलेल्या प्रत्येक कोंबडीची चोच उघडून आत बघाच. जिभेवर, टाळूला किंवा घशात पिवळट, पनीरासारखा थर असेल तर ती ओली देवी, आणि खरा धोका तिचाच. हा थर खरवडू नका. खाली रक्त येतं आणि सूज वाढून श्वासाची वाट आणखी अरुंद होते. मान ताणून, तोंड उघडं ठेवून, घरघर करत श्वास घेणारी कोंबडी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. घशात असाच थर आणणारे दुसरे रोगही आहेत आणि त्यांची औषधं वेगळी असतात. डोकं सुजून तुरा निळा पडत असेल आणि पक्षी पटापट मरत असतील, तर ही देवी नव्हे. एकही पक्षी बाहेर न हलवता लगेच पशुवैद्यकीय खात्याला कळवा.

विषाणू मारणारं औषध नाही. सुकी देवी, म्हणजे फोड फक्त कातडीवर असलेली, एका पक्ष्यावर साधारण 2 ते 4 आठवड्यांत आपोआप उतरते. तिच्यात कोंबडी दगावते ती बहुतेकदा डोळे मिटल्यामुळे, म्हणजे उपाशी आणि तहानलेली राहून. म्हणून शुश्रूषेत पहिला मान डोळ्यांना. उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ विरघळवा. त्यात भिजवलेला कापूस पापणीवर दोन-तीन मिनिटं ठेवा, चिकटा मऊ झाला की हळूच पुसा. प्रत्येक डोळ्याला नवा कापूस, दिवसातून दोनदा. खपली ओढून काढू नका: खालची कच्ची जखम जंतूंना वाट देते आणि जमिनीवर पडलेली खपली विषाणूने भरलेली असते. डोळ्यापासून दूरच्या फोडांना पोव्हिडोन आयोडीन दहापट पाण्यात पातळ करून लावता येतं.

आजारी कोंबडी वेगळी ठेवा, खाद्य पाण्यात कालवून मऊ द्या, चोच हलकेच पाण्यात बुडवून भांडं कुठे आहे ते दाखवा. संध्याकाळी छातीजवळची अन्नपिशवी चाचपा. ती रिकामी लागली तर कोंबडी दाण्यापाशी नुसती उभी होती, तिने खाल्लेलं नाही. प्रतिजैविक विषाणूवर चालत नाही. जखम चिघळली तरच पशुवैद्य देईल ते द्या आणि अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारून घ्या.

गळलेल्या खपल्यांत विषाणू महिनोन् महिने टिकतो. खुराड्यातला भुसा रोज काढून जाळा, दांड्या खरवडून धुवा. साचलेलं पाणी दर तीन-चार दिवसांनी ओता, म्हणजे डासांच्या अळ्यांना मोठं व्हायला वेळच मिळत नाही. रात्रीसाठी बारीक जाळी लावा.

कळपात मोजक्याच कोंबड्यांना फोड असतील तर बाकीच्या निरोगी पक्ष्यांना लगेच लस टोचून घ्या. आजारी पक्ष्यांना टोचू नका. लस दोन टोकांच्या सुईने, पंख उघडल्यावर ताणल्या जाणाऱ्या पातळ कातडीतून आरपार टोचतात. आधी तिथली पिसं बाजूला करा, नाहीतर लस पिसांनाच पुसली जाते आणि पंखाखाली डोकं घालून झोपणाऱ्या कोंबडीच्या तोंडाला लागते. जागा स्पिरिटने पुसू नका, त्याने जिवंत लस मरते. द्रावणात कालवलेली लस साधारण दोन तासांत संपवा, उरलेली उकळून टाका.

7 ते 10 दिवसांनी टोचलेली जागा बघा. तिथे छोटी सूज किंवा खपली असेल तर लस लागू पडली. काहीच नसेल तर ती कोंबडी अजून उघडीच आहे. नव्या बाटलीतून पुन्हा टोचा.