दुपारी आरपीएम मीटर शून्य दाखवायचा: माझा अनुभव

जळगाव, मे महिना, आमची डाळमिल. मोटरचे मिनिटाला होणारे फेरे दाखवणारा हा मीटर सकाळी बरोबर, दुपारी मोटर तापली की शून्य. पुढे तर सकाळीही आकडा येईना. सेन्सर बदलला, वायर बदलली. आठवडा गेला, डोकं फिरलं.

सेन्सर फेरे मोजतो तो मोटरच्या पुलीवरचा चुंबक समोरून गेला की. मग त्या चुंबकाला खिळा लावला. घसरून पडला!

निओडिमियम चुंबकाचं क्युरी तापमान (ज्यावर चुंबकत्व पूर्ण जातं) ३१० अंशांच्या आसपास, म्हणून मी निर्धास्त होतो. पण साध्या एन३५ ग्रेडच्या चुंबकाची मर्यादा ८० अंशच. त्यापलीकडे गेलेली ताकद थंड झाल्यावरही पूर्ण परतत नाही.

आधी जुन्याची सेन्सरकडची बाजू मार्करने खुणावली. १५० अंश सोसणाऱ्या एसएच ग्रेडचा नवा चुंबक आणला. त्याची जी बाजू खुणेला लांबूनच ढकलते, तीच सेन्सरकडे ठेवली (उलटी बसली तर चुंबकाचा एकच ध्रुव ओळखणारा आमचा हॉल सेन्सर ढिम्म). पुली घासून, उष्णता सोसणाऱ्या इपॉक्सीने चिकटवून रात्रभर सुकू दिलं. शेवटी सेन्सर चुंबकापासून ३ मिलिमीटरवर आणला.

दुपारी चारला आकडा १४४०, स्थिर.