बाल्कनीत बी पेरताय? मग या चुका टाळा

धणे पेरले, रोज पाणी घातलं, नऊ दिवस काहीच दिसलं नाही म्हणून कुंडी उपडी केली. माझी पहिली कोथिंबीर अशी संपली. ओतलेल्या मातीत चार-पाच धण्यांना पांढरे कोंब फुटलेले दिसले, तेव्हा कळलं की बी बरोबर होतं, घाई माझी होती.

धण्याला मेथीचा हिशेब लावू नका. मेथी तिसऱ्या दिवशी डोकं वर काढते, कोथिंबीर आठ ते पंधरा दिवस घेते. टोमॅटोला साधारण आठवडा, मिरचीला आठ ते बारा दिवस, थंडीत त्याहूनही जास्त. शिवाय धणा म्हणजे एक बी नाही, दोन बिया एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. पोळपाटावर धणे पसरून लाटणं हलक्या हाताने फिरवायचं आणि डाळी सुट्या झाल्या की थांबायचं. जास्त जोर लागून पूड झालीच तर ती आमटीत घाला. सुटे झालेले धणे रात्रभर भिजवून पेरा. एप्रिल-मेमध्ये मात्र कोथिंबिरीच्या नादी लागू नये. उन्हाळ्यात उगवण कमी होते, आणि जी उगवते ती लगेच फुलावर जाते.

सगळ्यात मोठी चूक पाण्याची

फ्लॅटमधली रोपं पाण्यावाचून कमी मरतात, पाण्याने जास्त. सकाळी आपण घालतो, दुपारी आई घालते, संध्याकाळी "आज घातलं का रे कुणी?" म्हणत तिसरं कुणीतरी तांब्या रिकामा करतं. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तो कुंडीतही लागतो, म्हणजे माती ओलसर हवी, चिखल नको. मूठभर माती दाबून पाहा. गोळा झाला आणि बोट लावताच फुटला तर ठीक. बोटांमधून पाणी निघालं तर दोन दिवस झारीला हात लावू नका.

ओल फार झाली की काय होतं ते एकदा पाहिलं की विसरत नाही. रात्री ताठ उभी असलेली टोमॅटोची रोपं सकाळी मातीवर आडवी झालेली असतात. पानं अजून हिरवी, पण मातीलगतचा देठ पिळलेल्या दोऱ्यासारखा बारीक आणि तपकिरी. ही मर, म्हणजे मातीतल्या पिथियम, रायझोक्टोनियासारख्या बुरशीचं काम. माणसाला वाटतं रोप सुकलं, म्हणून तो आणखी पाणी घालतो आणि उरलेलीही जातात. आडवी झालेली वाचत नाहीत. ती भोवतालच्या मातीसकट काढा, वरचा थर सुकू द्या, ट्रे वारा लागेल अशा जागी हलवा. कुंडीखालच्या ताटलीत साठलेलं पाणी ओतून द्या, तळाची भोकं बुजलेली नाहीत ना तेही बघा.

मर लागायला गर्दीही कारणीभूत असते. दह्याच्या कपात चिमूटभर बी टाकलं की तीस-चाळीस रोपं येतात, आणि एकही काढायला जीव होत नाही. पहिल्या दोन पानांनंतर खरी पानं आली की दोन-तीन ठेवून बाकीची कात्रीने कापा. उपटू नका, शेजारच्यांची मुळं हलतात.

किती खोल पेरायचं? बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, बस्स. राजगिरा, तुळस यांचं बी मातीवर भुरभुरवून वरून चिमूटभर गांडूळखत पुरतं.

रोपं लांबट, फिकट होऊन ग्रिलकडे वाकली तर खत कमी पडलंय असं समजू नका, ती ऊन मागतायत. पालेभाजी तीन-चार तासांच्या उन्हावर भागवते, पण टोमॅटो, मिरचीला सहा तास तरी हवेत. तेवढं ऊन नसेल तर पालक, मेथी लावून मोकळं व्हा. लांबलेलं टोमॅटोचं रोप दुसऱ्या कुंडीत लावताना खालच्या पानांपर्यंत पुरलं तर देठालाही मुळं फुटतात.

कच्चं शेणखत नको, ते मुळं जाळतं. नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात, बी रुजतं, पण त्यात अन्न जवळजवळ नसतं. माती, कोकोपीट आणि गांडूळखत सारखं घ्या. मेथीला सहा इंच खोली पुरते, टोमॅटोला बारा इंच तरी हवी. पॅकेट घेताना वैधतेची तारीख वाचा, आणि गुलाबी रंगाच्या बियांवर औषध चोळलेलं असतं, तेव्हा हात धुवा. उगवलेल्या मेथीवर कबुतरं बसतात, त्यासाठी भाजीची जाळीदार टोपली उपडी ठेवली की झालं.

दुधी लागतो आणि गळतो

वरच्या मजल्यावर फुलांपर्यंत किडे पोचत नाहीत, मग परागीभवन आपल्यालाच करावं लागतं. इथे बहुतेक जण वेळ चुकतात. काकडी, कारलं, भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात, पण दुधी आणि दोडक्याची संध्याकाळी! सकाळी ब्रश घेऊन दुधीपाशी उभं राहण्यात अर्थ नाही. दिवेलागणीला जा. ज्या फुलामागे बोटभर दुधी आहे ते मादी, नुसता लांब दांडा असेल ते नर. नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. चार-पाच दिवसांत इवला दुधी फुगायला लागला तर जमलं. पिवळा पडून गळला तर पुढचं मादी फूल उमलेल त्या संध्याकाळी पुन्हा.