टूसॉन ते समरहेवन : सायकलने माउंट लेमन चढताना या चुका टाळा

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात, टूसॉन शहराच्या ईशान्येला सांता कॅटलिना पर्वतरांग आहे आणि तिच्यातील माउंट लेमन या शिखराच्या माथ्याजवळ, पाइनच्या जंगलात, समरहेवन हे छोटेसे गाव वसले आहे. टूसॉनची उंची सुमारे 730 मीटर, तर समरहेवनची सुमारे 2,350 मीटर असून तेथवर नेणाऱ्या कॅटलिना हायवेचा घाट सुमारे 40 किलोमीटरचा आहे. तेथे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी राहणाऱ्या मराठी सायकलस्वारांना हा रस्ता खुणावतो आणि सिंहगडाची सवय असलेल्यांची फसगतही येथेच होते.

सिंहगडाचा चढ तीव्र पण आटोपशीर असल्यामुळे तो दात-ओठ खाऊन पार करता येतो. लेमनचा सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आसपास असल्याने सुरुवातीला पाय हलके वाटतात, वेग वाढतो आणि त्याची किंमत तीन तासांनंतर मोजावी लागते. पहिल्या तासात सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत नसेल, तर वेग जास्त आहे असे खुशाल समजावे. रस्त्याकडेच्या पाट्यांवरील आकडे मैलांचे असतात, हेही ध्यानात ठेवावे. चौदाव्या मैलाजवळचा विंडी पॉइंट म्हणजे बावीसहून अधिक किलोमीटर. मागच्या चाकाला 32 किंवा 34 दात्यांची चकती असलेली बरी, कारण शेवटी गुडघे वाचवते ती हीच.

पाण्याचा अंदाज चुकणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. मुंबई-पुण्याच्या दमट हवेत घाम निथळतो, म्हणून तहानेची आठवण राहते. वाळवंटाच्या कोरड्या हवेत तो लगेच उडून जातो आणि जर्सीवर उमटलेल्या मिठाच्या पांढऱ्या रेघांवरूनच किती पाणी गेले ते कळते. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, त्यात क्षार मिसळून, तहान लागण्याआधीच थोडे थोडे प्यावे. विंडी पॉइंटला पिण्याचे पाणी नाही. पुढे पॅलिसेड्सच्या माहिती केंद्रापाशी ते मिळू शकते, परंतु केंद्र उघडे असेलच या भरवशावर बाटल्या रिकाम्या करू नयेत. पोटऱ्यांत गोळे येऊ लागले तर जोर लावण्याऐवजी उतरून पाय ताणावेत, क्षारयुक्त पाणी घ्यावे आणि हलक्या गिअरवर पुन्हा सुरुवात करावी.

पंक्चरचे कारण बहुधा ओळखीचेच निघते : आपल्या माळरानावर चपलेत रुततो तोच सराटा तेथेही आहे. घाईने नवी ट्यूब घालून निघालेल्यांची दुसरी ट्यूबही थोड्याच अंतरावर बसते, कारण काटा टायरमध्येच राहिलेला असतो. जुनी ट्यूब फुगवून छिद्र शोधावे, व्हॉल्व्हपासूनचे अंतर पाहून टायरमधील तीच जागा गाठावी आणि आतून हलकेच बोट फिरवून काट्याचे टोक बाहेर काढावे.

ऋतूची निवड चुकली तर उपाय फारसे उरत नाहीत. जून महिन्यात पायथ्याशी पारा 38 अंशांच्या वर जातो, जुलै ते सप्टेंबर दुपारी विजांसह वादळे येतात आणि हिवाळ्यात वरच्या टप्प्यात बर्फ असू शकतो. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हेच महिने उत्तम आणि निघायचे ते पहाटे.

समरहेवनला पोहोचताच, तेथील प्रसिद्ध ताटाएवढी कुकी खाऊन, काम संपले असे अनेकांना वाटते. पण गावात शिरताना रस्ता खाली उतरतो, त्यामुळे परतीची सुरुवात चढानेच होते आणि त्यासाठी पायांत थोडी ताकद शिल्लक ठेवावी लागते. उताराला वारा झोंबतो, म्हणून विंडचीटर आणि पूर्ण हातमोजे सोबत हवेत. अमेरिकेत पुढचा ब्रेक सहसा डाव्या हाताला असतो, तर आपल्याकडे बहुधा उजव्या. नव्या सायकलवर ही सवय सपाट रस्त्यावर मोडून मगच घाटात जावे. शिवाय अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे वळणावर दचकल्यावर जुन्या सवयीने डावीकडे जाणे तर थेट समोरच्या गाडीपुढे नेणारे. ब्रेक सतत दाबून धरू नयेत, वळणाआधी जोरात दाबून सोडावेत. जळका वास आला किंवा हायड्रॉलिक ब्रेकची मूठ नेहमीपेक्षा जास्त आत जाऊ लागली, तर जवळच्या थांब्यावर सायकल उभी करावी आणि तापलेल्या डिस्कवर पाणी न ओतता ती आपोआप थंड होऊ द्यावी.