ब्लूस्कायमध्ये मुंबईचा सिनारिओ कसा बनवायचा आणि कसा उघडायचा

एअर ट्रॅफिक कंट्रोलचं सिम्युलेशन घरी करायचं असेल तर ब्लूस्काय हा माझ्या मते सगळ्यात चांगला रस्ता आहे, नेदरलँड्सच्या डेल्फ्ट टेक्निकल युनिव्हर्सिटीत बनलेलं, पायथनमधे लिहिलेलं, फुकट आणि ओपन सोर्स. पण बहुतेक जण ते इन्स्टॉल करतात, एमसीआरई २० अशी कमांड मारतात, स्क्रीनवर वीस विमानं वाट्टेल तिकडे धावायला लागतात आणि दहा मिनिटांत कंटाळून खिडकी बंद करतात. त्यात सॉफ्टवेअरचा काही दोष नाही. कंट्रोलरला सोडवायला काहीतरी ठोस लागतं, आणि ते सिनारिओ, म्हणजे सरावासाठी आखलेली परिस्थिती, बनवणाऱ्यानेच आधी ठरवायला लागतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय, आणि उदाहरण आपल्या मुंबईचंच घेतोय कारण मुंबईइतका मस्त अडचणीचा एअरपोर्ट शोधून सापडणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, इथे सगळ्या कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, फाईलमधे त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाकायच्या.

आधी उघडणं बघू, कारण ते सोपं आहे. सिनारिओ म्हणजे साधी टेक्स्ट फाईल, फक्त एक्स्टेन्शन डॉट एससीएन. ब्लूस्कायच्या फोल्डरमधे सिनारिओ नावाचं फोल्डर असतं, फाईल तिथे ठेवायची. मग ब्लूस्काय चालू करून खालच्या कमांड लाईनमधे आयसी, स्पेस, फाईलचं नाव, एंटर. नुसतं आयसी टाकून एंटर मारलं तर फाईल निवडायची खिडकी उघडते. फाईलमधे काही बदललं आणि परत पहिल्यापासून चालवायचंय तर आयसी आयसी, म्हणजे शेवटची फाईल पुन्हा लोड. हे लक्षात ठेवा, सिनारिओ घडवताना हीच कमांड सतत लागते.

उघडत नसेल तर दहातल्या नऊ वेळा कारण एकच, नोटपॅडने गुपचूप मागे डॉट टीएक्सटी लावलेलं असतं आणि विंडोज ते दाखवत नाही. सेव्ह करताना ऑल फाइल्स निवडा. फाईलच्या नावात स्पेस ठेवू नका. आणि वर्डमधे तर ही फाईल अजिबात बनवू नका.

आता फाईलच्या आतली एक ओळ कशी दिसते ते बघा:

००:००:००.००>सीआरई आयजीओ१०१, ए३२०, १९.०८९, ७३.०९, २७०, ४०००, २१०

डावीकडे वेळ, म्हणजे सिम्युलेशन सुरू झाल्यापासून किती वेळाने ही ओळ चालवायची. मग मोठेपणाचं चिन्ह आणि त्यानंतर कमांड. सीआरई म्हणजे विमान तयार कर, पुढे क्रमाने कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), विमानाचा प्रकार, अक्षांश, रेखांश, हेडिंग (नाकाची दिशा, अंशांत), उंची फुटात आणि वेग नॉटमधे. एवढंच. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकलं की ती ओळ चालत नाही, फक्त तुमच्या आठवणीसाठी राहते, आणि अशा ओळी भरपूर लिहा कारण महिन्याभराने हे विमान इथे का ठेवलं होतं ते तुम्हालाच आठवत नाही. ओळी वेळेच्या क्रमाने ठेवलेल्या बऱ्या, वाचताना डोकं शांत राहतं.

सगळ्यात वर तीन ओळी मी कायम टाकतो, तिन्ही शून्य वेळेला: होल्ड, म्हणजे फाईल उघडताच सगळं थांबलेलं राहील आणि तुम्हाला चित्र नीट बघता येईल. पॅन व्हीएबीबी, म्हणजे नकाशा मुंबईवर येईल, व्हीएबीबी हा आपल्या एअरपोर्टचा आंतरराष्ट्रीय कोड. आणि झूम, किती ते तुमच्या स्क्रीनप्रमाणे. तयार झालात की ओपी टाका, घड्याळ सुरू.

खरं काम आता. विमानं ठेवायची कुठे?

इथे लोक नकाशा बघून अंदाजाने आकडे टाकतात आणि मग फायनलवर, म्हणजे रनवेकडे येणाऱ्या शेवटच्या सरळ रेषेत, सगळा गोंधळ. उलट्या बाजूने हिशोब करा. विमान रनवेला कधी टेकायला हवं ते आधी ठरवा, आणि तिथून मागे मोजत या.

मुंबईला दोन रनवे आहेत, ०९/२७ आणि १४/३२, आणि ते एकमेकांना छेदतात. म्हणून दोन असूनही व्यवहारात एका वेळी एकच रनवे धरायचा. मुख्य रनवेसाठी तासाला साधारण ४६ लँडिंग-टेकऑफ हा आकडा बरीच वर्षं सांगितला जातोय, आणि २०१८ मधे तर २४ तासांत हजारावर विमानांची ये-जा इथे झालेली आहे. आता ४६ चा हिशोब करा. ३६०० सेकंद भागिले ४६, म्हणजे जवळपास ७८ सेकंदाला एक. एक उतरणार, एक उडणार, एक उतरणार असं आलटून पालटून चालवलं तर दोन लँडिंगमधे १५६ सेकंद. फायनलवर शेवटी जमिनीच्या हिशोबाने १४० नॉटचा वेग धरला तर तेवढ्या वेळात विमान सहा नॉटिकल मैल येतं. म्हणजे तुमच्या सिनारिओत रनवेजवळ दोन विमानांत सहा मैल हवेत, आणि मधल्या फटीत एक टेकऑफ बसवायचा.

पण सुरुवातीलाच सहा मैल ठेवलेत तर फसाल. कारण विमानं लांब असताना २१० नॉटने येतायत आणि पुढचं विमान आधी हळू होतं, त्यामुळे मागचं त्याच्या जवळ सरकतं. २१० ला सहा मैल म्हणजे १०३ सेकंद, आणि १४० नॉटवर १०३ सेकंद म्हणजे फक्त चार मैल. चार मैलांत टेकऑफ बसवताना घाम फुटतो. म्हणून टेकताना सहा हवेत तर २१० च्या पट्ट्यात नऊ ठेवायचे. दादरला फास्ट लोकल प्लॅटफॉर्मला लागताना मागची सिग्नलपर्यंत येऊन चिकटते ना, तसंच हे. हा एक हिशोब नीट समजला की तुमचे सिनारिओ एकदम खरे वाटायला लागतात, म्हणून इथे वेळ घालवा.

आता मैलांचे रेखांश करायचे. अक्षांशाचं सोपं आहे, एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल, कुठेही. रेखांशाचा अंश मात्र मुंबईच्या अक्षांशावर थोडा आखडतो, साधारण ५६.७ मैल. आणि इथे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत जवळपास फरकच नाही, त्यामुळे हेडिंगमधे वजाबाक्या करत बसायला नको.

२७ वर, म्हणजे २७० अंशाकडे तोंड करून, उतरणारी विमानं पूर्वेकडून येतात, घाटकोपरच्या डोक्यावरून. रनवेचं पूर्वेचं टोक ७२.८८ च्या आसपास धरा. बारा मैल मागे म्हणजे १२ भागिले ५६.७, ०.२१, म्हणून पहिलं विमान ७३.०९ ला. त्याच्या मागे नऊ मैल, म्हणजे आणखी ०.१६, दुसरं ७३.२५ ला. तिसरं ७३.४१ ला. उंचीसाठी ठोकताळा, तीन अंशाच्या उतारावर मैलाला साधारण ३०० फूट, दहा मैलांवर ३००० च्या वर थोडं. म्हणून पहिल्याला ४०००, दुसऱ्याला ५०००, तिसऱ्याला ७००० दिलं की झालं.

उंची देताना एक काळजी घ्याच. ब्लूस्कायला डोंगर माहीत नाहीत. माथेरान फायनलच्या रेषेपासून फार लांब नाही, साधारण ८०० मीटर म्हणजे २६०० फूट उंच, आणि ईशान्येला कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. स्क्रीनवर तिथे काहीच दिसणार नाही आणि ३००० फुटावर विमान कळसूबाईच्या आरपार आरामात जाईल, सॉफ्टवेअर हूं की चूं करणार नाही. सह्याद्रीचं भान तुम्हालाच ठेवायचंय.

तर लँडिंगच्या तीन ओळी झाल्या, कॉलसाइन बदलायचे, एक इंडिगो, एक एअर इंडियाचं एआयसी, तिसरं एमिरेट्सचं यूएई आणि त्याचा प्रकार बी७७डब्ल्यू, म्हणजे बोईंग ट्रिपल सेव्हन. हे मोठं विमान मुद्दाम टाका. हेवी, म्हणजे वजनदार विमानाच्या मागे मीडियम विमान असेल तर वेक टर्ब्युलन्ससाठी, म्हणजे मोठ्या विमानामागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांसाठी, निदान पाच मैल लागतात, म्हणजे ट्रिपल सेव्हन रांगेत कुठे आहे यावर सगळा खेळ बदलतो. तेच मधे ठेवून एकदा चालवून बघा, शेवटी ठेवून एकदा.

टेकऑफसाठी रनवेवर धावताना दाखवायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. रनवेच्या पश्चिम टोकाला, ७२.८५ ला, २०० फुटावर, १५० नॉट, हेडिंग २७०, असं हवेतच तयार करा, वेळ दोन लँडिंगच्या बरोबर मधली. वरच्या मांडणीत तुम्ही उंची आणि वेग कमी करत आणलात तर पहिलं विमान साधारण सव्वाचार मिनिटांनी टेकतं, दुसरं त्याच्यानंतर अडीच मिनिटांनी, म्हणून टेकऑफची ओळ ००:०५:३० ला. मग त्याला एएलटी ने उंची आणि एसपीडी ने वेग द्यायचा. उडाल्या उडाल्या ते जुहूच्या धावपट्टीच्या बाजूने समुद्रावर जातं, आणि जुहूहून हेलिकॉप्टरं उडतात हेही डोक्यात ठेवा. हे दोन एअरपोर्ट इतके जवळ आहेत की २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरलं होतं.

चालू असताना विमानाला सूचना द्यायची तर स्क्रीनवर त्याच्यावर क्लिक करा, नाव कमांड लाईनला येतं, मग एचडीजी, एएलटी, एसपीडी आणि आकडा. उतरलेलं विमान डीईएल ने काढून टाका नाहीतर स्क्रीनवर कचरा साठतो. फायनलचा सराव करताना झोनआर ३ टाकून सुरक्षित अंतराचं वर्तुळ पाचाचं तीन मैल करून घ्या, नाहीतर उगाच सगळीकडे इशारे लागतात. डीटीएमयूएलटी ५ ने पाचपट वेगाने पळतं, सिनारिओ तपासायला छान, पण सराव करताना वापरू नका, हात घाईला सवकतो.

पावसाळा हवा असेल तर वाऱ्याची ओळ टाका, विंड १९, ७२.८, २४०, २० म्हणजे नैऋत्येकडून वीस नॉट. आता फायनलवर समोरून वारा, जमिनीवरचा वेग कमी, आणि सहा मैल पार करायला आधीपेक्षा जास्त वेळ. ४६ चा आकडा कुठल्या कुठे जातो. जूनमधे फ्लाइट लेट का होतात ते या एका ओळीत डोळ्यांसमोर दिसतं.

आता माझा सगळ्यात आवडता सिनारिओ. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. तुमच्या ब्लूस्कायच्या डेटात तो नसेल तर डीईएफडब्ल्यूपीटी ने १८.९९, ७३.०७ ला एक पॉइंट बनवून घ्या. मग नकाशा बघा, सांताक्रूझच्या २७ ची फायनल दहा मैलांवर असताना नवी मुंबईच्या फक्त सहा मैल उत्तरेला आहे! तिथून उडालेलं विमान उत्तरेला वळलं की ते सरळ आपल्या लँडिंगच्या रांगेत घुसतं.

हेच बांधायचं. वरची तीन विमानं तशीच ठेवा. दुसरं विमान २१० ने ७३.०५ ला पोचायला सव्वातीन मिनिटं लागतात, आणि तुम्ही त्याला उतरवत आणलं असेल तर तिथे ते ३००० फुटाच्या आसपास असेल. नवी मुंबईहून सहा मैल उत्तरेला यायला २१० नॉटला पावणेदोन मिनिटं. सव्वातीनातून पावणेदोन गेले, राहिलं दीड. म्हणून ००:०१:३० ला १८.९९, ७३.०५ ला विमान तयार करा, हेडिंग ३६०, उंची वरच्या टेकऑफसारखीच २००, वेग २१०, आणि पुढच्या ओळीत एएलटी ८०००, व्हीएस २०००, म्हणजे मिनिटाला दोन हजार फूट चढ. पेच सोडवायला काहीच केलं नाही तर दोघं जवळपास एकाच उंचीवर एकाच ठिकाणी भेटतात. खालून चढणाऱ्याला आधीच २००० वर थांबवायचं, की पश्चिमेला वळवायचं, की रांगेतल्याला हळू करायचं? तिन्ही उत्तरं चालतात आणि प्रत्येकाची किंमत वेगळी, रांगेतल्याला हळू केलं तर मागच्या ट्रिपल सेव्हनचं अंतर मोडतं.

एका सिनारिओत असा एकच पेच ठेवा, खरंच सांगतो. दोन विमानांचा नीट जुळवलेला पेच वीस विमानांच्या गर्दीपेक्षा जास्त शिकवतो. मग पुढच्या फाईलमधे त्यात वारा घाला, त्याच्या पुढच्यात एक गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून परत वर जाणं.

सराव चालू असताना मस्त परिस्थिती तयार झाली आणि ती राखून ठेवायचीय तर सेव्हआयसी आणि नवीन नाव, त्या क्षणाची सगळी विमानं फाईलमधे येतात आणि पुढे तुम्ही दिलेल्या कमांडपण त्यात नोंदल्या जातात. ती फाईल नोटपॅडमधे उघडून वाचा, आपण कुठे उशिरा बोललो ते सेकंदासकट लिहिलेलं असतं.

आणि शक्य असेल तर एकट्याने करू नका. प्रयागराजच्या ट्रेनिंग कॉलेजात किंवा जगात कुठेही कंट्रोलर शिकताना समोर स्यूडो पायलट असतो, तो तोंडी सूचना ऐकून विमानं हलवतो. तुमच्या मित्राला कीबोर्ड द्या, तुम्ही फक्त बोला, त्याने तुमची सूचना परत म्हणून दाखवायची आणि मगच टाइप करायची. पुढच्या रविवारी त्याने बनवलेली फाईल तुम्ही न बघता उघडा.