बिनलॉकचा घडीचा चाकू: निवडण्यापासून धार लावण्यापर्यंत

कमरेच्या पट्ट्याला आणखी एक भोक पाडायचं होतं. आरी जवळ नव्हती, खिशात घडीचा चाकू होता. पट्टा टेबलाच्या कडेवर धरला, पात्याचं टोक टेकवलं आणि दाबलं. टोक चामड्यात रुतलं, मनगट जरासं खाली गेलं आणि पातं मिटलं ते थेट तर्जनीच्या पेरावर. चाकूत दोष काहीच नव्हता. त्याला लॉक, म्हणजे उघडलेलं पातं पक्कं अडकवून ठेवणारी कळ, नाही हे मला माहीत होतं, पण हाताला त्याची सवय नव्हती. पुढे लिहिलंय ते सगळं ती सवय लावण्यासाठी.

आधी आतली रचना समजून घेऊ. अशा चाकूच्या मुठीच्या पाठीत पोलादाची एक लांब पट्टी असते, तीच स्प्रिंग. पात्याचा मुठीत गेलेला भाग, म्हणजे त्याचं बूड, दोन-तीन ठिकाणी सपाट घासलेलं असतं. उघडताना बुडाचा कोपरा स्प्रिंगला वर उचलतो आणि सपाट बाजू समोर आली की स्प्रिंग खटकन तिच्यावर बसते. म्हणून पातं उघडं राहतं. पण हे नुसतं टेकणं आहे, अडकणं नव्हे. पाठीवर पुरेसा जोर आला की पातं मिटणारच. उलट धारेवर जोर आला तर बूड स्प्रिंगच्या टोकावर आणखी घट्ट टेकतं. म्हणजे कापण्याच्या दिशेने हा चाकू चांगलाच भक्कम असतो, धोका असतो तो उलट्या दिशेने.

काही चाकूंत स्प्रिंगही नसते. जपानच्या हिगोनोकामी चाकूत पात्याच्या बुडातून एक छोटी पट्टी बाहेर आलेली असते, ती अंगठ्याने दाबून धरायची. अंगठा हाच लॉक! पहिलाच चाकू घेत असाल तर मात्र स्प्रिंगचाच घ्या.

निवडताना

रोजच्या कामाला, म्हणजे पार्सल उघडणं, दोरी कापणं, फळ चिरणं, पेन्सिलीला टोक काढणं, याला ५ ते ७ सेंटिमीटरचं पातं भरपूर होतं. लांबी ठरवताना राहत्या ठिकाणचा कायदा आधी वाचा, कारण देशोदेशी तो वेगळा आहे. ब्रिटनमध्ये १९८८च्या कायद्यानुसार ३ इंचांपर्यंत धार असलेला घडीचा चाकू कारण न सांगता जवळ बाळगता येतो, पण पातं लॉक होत असेल तर ही सवलत नाही. लॉकच्या जमान्यातही बिनलॉकचे नवेनवे चाकू निघत राहतात, त्यामागे असे कायदे हे एक मोठं कारण आहे. आणि चाकू कायदेशीर असला तरी शाळा, न्यायालय, विमानतळ अशा ठिकाणी तो चालत नाही. विमानप्रवासात तो हातातल्या बॅगेत नको, चेक-इनच्या सामानात टाका.

नावावर जाऊ नका, त्या विशिष्ट मॉडेलला लॉक आहे का ते बघा. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचे मिटल्यावर ५८, ८४ आणि ९१ मिलिमीटर लांबीचे लाल चाकू बिनलॉकचे आहेत, पण १११ मिलिमीटरच्या मोठ्या चाकूंत लॉक असतं. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूत लाकडी मुठीजवळचं फिरतं कडं हेच लॉक, ते १९५५मध्ये आलं. ते ६ नंबरपासून पुढे असतं, त्याहून लहान नंबरांना नसतं.

चाकू हातात आला की तीन गोष्टी बघा. तो उजेडासमोर धरा, स्प्रिंग आणि बाजूच्या पट्ट्या यांमधून प्रकाशाची रेघ दिसायला नको. पातं उघडून दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा, खिळखिळ जाणवली तर तो परत ठेवा. मग मिटवून बघा, टोक मुठीत पूर्ण बुडालेलं हवं. बाहेर डोकावणारं टोक आधी खिसा फाडतं आणि मग बोट. स्प्रिंग किती ताठ असावी यावर हौशी लोक तासन्‌तास वाद घालतात. माझं मत सरळ आहे, नख मोडेल इतकी ताठ स्प्रिंग नको, कारण झटापट करून उघडलेला चाकू हातातून निसटतो.

उघडणं आणि मिटवणं

उघडायला दोन हात वापरा. एका हाताने मूठ दोन्ही बाजूंनी धरा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचं नख पात्यावरच्या खाचेत घाला आणि पातं बाहेर ओढा. निम्मं बाहेर आलं की पात्याच्या दोन्ही बाजू चिमटीत धरून खट् आवाज येईपर्यंत न्या. हात ओले किंवा तेलकट असतील तर आधी पुसा.

मिटवताना घाई नडते. मुठीची पाठ तळहातावर ठेवा आणि बोटं दोन्ही बाजूंना सपाट ठेवा, म्हणजे पातं ज्या फटीत शिरणार तिच्यावर एकही बोट येणार नाही. दुसऱ्या हाताने पात्याची पाठ ढकला. काही चाकू ९० अंशांवर थांबतात. तो थांबा फार कामाचा, तिथे बोटं कुठे आहेत ते बघून घ्यायचं आणि मग पुढे ढकलायचं. शेवटी पातं सोडून देऊ नका. फटकन मिटलं तर काही चाकूंत धार आतल्या स्प्रिंगवर आपटते आणि मधोमध बोथट होते.

कापताना

नियम एकच, जोर नेहमी धारेच्या दिशेने. तो मोडतो कसा, ते बघा. जाड पुठ्ठ्यात पातं अडकतं, आपण ते सोडवायला वर-खाली हलवतो, पाठ पुठ्ठ्याच्या कडेला अडते आणि पातं मिटू लागतं. अशा वेळी हलवू नका. पुठ्ठा दुसऱ्या हाताने फाकवा आणि पातं आलं तसं सरळ मागे ओढा. लाकडात रुतलेलं पातंही पिळून काढू नका. चाकूच्या पाठीने काही ठोकणं किंवा खरवडणंही नको.

टोकाने भोसकणं हे सगळ्यांत वाईट. भोक पाडायला आरीच हवी. बहुउपयोगी चाकूतली आरीसुद्धा मिटते, हे विसरू नका. तिथेही हलका दाब देत फिरवत जायचं. पार्सलची चिकटपट्टी कापायला टोक जेमतेम २ मिलिमीटर आत पुरे. पातं जवळजवळ आडवं धरा आणि धारेने पट्टी चिरत न्या, आतली वस्तूही वाचते.

साफसफाई

खिशातला कचरा, धाग्याचे तंतू, फळाचा रस हे सगळं सांध्यात जाऊन बसतं आणि चाकू जड उघडू लागतो. कोमट साबणाच्या पाण्यात उघडमीट करा, जुन्या टूथब्रशने फट घासा आणि पूर्ण वाळवा. मूठ लाकडाची, हाडाची किंवा शिंगाची असेल तर पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. सांध्यात एक थेंब तेल पुरतं. स्वयंपाकाचं तेल घालू नका, ते काही दिवसांत चिकट होतं. फळं कापत असाल तर खाण्याला चालणारं खनिज तेल घ्या. कार्बन पोलादाच्या पात्यावर लिंबा-सफरचंदाने करडा-निळा रंग चढतो, त्याला घाबरू नका. लालसर डाग दिसला तर मात्र तो गंज आहे, लगेच घासून काढा.

धार

बोथट चाकूला जास्त जोर लागतो आणि जास्त जोरात हात चुकतो, म्हणून बिनलॉकच्या चाकूला धार हवीच. पातं दिव्याखाली धरून धारेकडे सरळ बघा. जिथे चकाकणारा ठिपका दिसेल तिथे धार गेली आहे.

कोन मोजायला चौकोनी कागद घ्या. त्याचा कोपरा ९० अंशांचा, तिरकी घडी घातली की ४५, पुन्हा घातली की साडेबावीस. ही घडी धार लावायच्या दगडावर ठेवून पातं त्याहून किंचित खाली झुकवा, साधारण २० अंश होतात. १००० ग्रिटचा, म्हणजे मध्यम खरखरीत, दगड ओला करा आणि पातळ काप काढल्यासारखं पातं बुडापासून टोकापर्यंत ओढा. एका बाजूला घासत राहिलात की दुसऱ्या बाजूला बारीक कोर उलटते. अंगठा पाठीकडून धारेकडे, धारेला आडवा फिरवला की ती खरखरीत लागते. धारेच्या लांबीवरून अंगठा फिरवायचा नाही. कोर सगळीकडे लागली की बाजू बदला, शेवटी दोन्ही बाजूंनी हलके हात मारा.

मग चामड्याच्या पट्ट्यावर पातं पाठीच्या दिशेने, म्हणजे धार मागे ठेवून, प्रत्येक बाजूला दहा-बारा वेळा ओढा. माझा तो पट्टा आता याच कामाला आहे. वर्तमानपत्राचा कागद हातात लोंबता धरून कापून बघा. जिथे अडेल किंवा फाटेल, तेवढीच जागा पुन्हा दगडावर न्या.