10 बाय 15 चा हॉल, 14 माणसं आणि एक मॅच

मॅच बघायला घरी चौदा माणसं येणार म्हटलं की लोक नवा सोफा बघायला निघतात. अजिबात जाऊ नका. सोफ्यावर चारच जण मावतात. चौघं खुर्च्यांवर बसतील आणि उरलेले सहा जण सतरंजीवरच येणार. हॉल लावायचा तो या खाली बसणाऱ्यांना धरून.

सोफा मागच्या भिंतीला सरकवा, टीपॉय बेडरूममध्ये टाका, सोसायटीच्या चार प्लास्टिकच्या खुर्च्या मागून आणा.

खरं डोकं लावायचं ते टीव्हीच्या उंचीला. मी इथेच चुकलो होतो. टीव्ही बसवायला आलेला माणूस म्हणाला, "साहेब, वर घेऊ, पॅनेलवर शोभून दिसतो." मीही मान डोलावली. टीव्हीची खालची कड जमिनीपासून साडेचार फुटांवर गेली. मग आली 19 नोव्हेंबर 2023 ची वर्ल्ड कप फायनल. दुपारी दोनला मॅच सुरू झाली. ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडचं शतक लागेपर्यंत पुढच्या रांगेतले निम्मे लोक मान चोळत आडवे झाले होते. हरल्याचं दुःख होतंच, पण पाहुण्यांच्या माना माझ्यामुळे अवघडल्या याचं मला फार वाईट वाटलं. पुढच्याच आठवड्यात भिंतीला नवी भोकं पाडून घेतली.

आता माप सांगतो. टीव्हीची खालची कड जमिनीपासून 30 इंचांवर. त्यापेक्षा वर नको, खालीही नको. 55 इंची टीव्ही साधारण 27 इंच उंच असतो, म्हणजे त्याचा मध्य 43-44 इंचांवर येतो आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाची नजरही जवळपास तिथेच असते. खाली मांडी घातलेल्याचं डोकं 34 इंचांच्या आसपास येतं. तो टीव्हीपासून पाच फुटांवर आणि सोफ्यावरचा आठ फुटांवर असेल, तर मागच्याची नजर पुढच्याच्या डोक्यावरून आरामात जाते. मात्र खाली जाड गादी टाकू नका. चार इंची गादीने डोकीही चार इंच वर येतात आणि नेमकी स्क्रीनच्या तळाची धावसंख्येची पट्टी झाकली जाऊ शकते. मग शेवटच्या दहा षटकांत मागून सारखं "किती झाले रे?" सुरू होतं. सतरंजी आणि पाठीला लोड, एवढं पुरे.

भोकं पाडण्याआधी 48 बाय 27 इंचांचा वर्तमानपत्राचा तुकडा भिंतीवर चिकटवा. घरातल्या सगळ्यात उंच माणसाला खाली बसवा आणि आपण सोफ्यावर बसून बघा. हे केल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नका, कारागीर कितीही घाई करत असला तरी.

दुसरी गोष्ट भिंतीची. बाल्कनीच्या समोरची भिंत टीव्हीला कधीच नको. दुपारी चार वाजता टीव्ही बंद करून त्या काळ्या काचेत बघा, बाल्कनीचं ग्रिल आणि वाळत घातलेले कपडे स्पष्ट दिसतील. पांढरा चेंडू त्यातच हरवतो. बाल्कनी ज्या भिंतीच्या बाजूला पडते, ती लांब भिंत निवडा. भिंत बदलणं शक्यच नसेल, तर जाड गडद पडदे लावा.

सोफा पुढे ओढून खुर्च्या त्याच्या मागे ठेवू नका, समोर फक्त डोकी दिसतात. त्या सोफ्याच्या दोन्ही टोकांना, किंचित आत वळवून ठेवा. फार कडेला गेल्या तर बऱ्याच टीव्हींवर रंग फिके पडतात. आजी-आजोबांची खुर्ची बाथरूमच्या बाजूला, पाठीला उशी देऊन.

भेळ, वडे, चहाचा थर्मास, सगळं डायनिंग टेबलावर. स्वयंपाकघराकडे जायची वाट टीव्हीसमोरून जात असेल, तर सतरंजीच ओढून वाट कडेने काढा. आणि मॅच रंगात आली की कुणी जागचं हलत नाही, हललं की विकेट पडते म्हणून. म्हणून टॉसच्या आधीच प्रत्येकाला नीट बसवा.

डिश असेल तर मॅच डिशवरच लावा. 29 जून 2024 ची टी-20 वर्ल्ड कप फायनल आम्ही ॲपवर बघत होतो. सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतलेला दक्षिण आफ्रिकेच्या मिलरचा झेल आम्हाला आधी खालच्या मजल्यावरच्या आरोळीने कळला, स्क्रीनवर मागाहून दिसला. तो क्षण माझ्या पाहुण्यांच्या हातून गेला याची मला आजही हळहळ वाटते.

दिवस-रात्र सामन्यात दुसऱ्या डावाला अंधार पडलेला असतो. तेव्हा पडदे उघडून हवा आत येऊ द्या. आता त्रास होतो तो सोफ्याच्या वरच्या ट्यूबलाइटचा, ती स्क्रीनमध्ये पांढऱ्या रेघेसारखी दिसते. ती बंद करा आणि टीव्हीच्याच भिंतीवरचा छोटा दिवा लावा.